सहावी जोडी

४ ऑगस्ट

ती. मामा,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ऑफिसात ओरडता येत नाही, म्हणून पत्र. तुम्ही हसाल, पण मला तुमची मदत हवी आहे, आणि तीही कामाची.

तुमचं जुनं नोंद कार्यालय सगळ्या नोंदी संगणकावर नेतंय आणि ते काम आमच्या कंपनीकडे आलंय, हे मावशीने सांगितलंच असेल. हरवलेल्यांची वही एका खोलीत, अनोळखी सापडलेल्यांची दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या बोळातून चाळीस वर्षं तुमची ये-जा. आता तुमच्या जागी एक ॲप येणार. ते दोन्ही वह्या शेजारी ठेवून जुळणारी माणसं शोधणार आणि नातेवाइकांना मेसेज पाठवणार. त्या ॲपच्या पोटातला डेटाबेस उभा करणं आणि तपासून घेणं माझ्या गळ्यात पडलंय. एकटीच्या, आणि पहिल्यांदाच.

हा डेटाबेस आमच्या ऑफिसात नाही, क्लाउडवर आहे. म्हणजे दूर कुठेतरी गार खोल्यांत ठेवलेली भाड्याची यंत्रं. जागा किती हवी, आत कुणाला सोडायचं, रोजची प्रत कधी काढायची, हे मी इथे बसून ठरवते. पहिले दोन दिवस मलाच आत शिरता येईना. आत सोडायच्या यादीत मी स्वतःलाच घालायला विसरले होते. हे कुणाला सांगू नका.

आता मुद्द्याचं. तपासायला खोटी माणसं लागतात. माझ्या आधी हे काम करणाऱ्याने आळस केला आणि खऱ्या नोंदी वापरल्या. एका खऱ्या बाईला 'तुमचा मुलगा सापडला' असा मेसेज गेला. ती मुलाचे कपडे घेऊन कार्यालयात येऊन बसली. त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलंय, खरा माणूस एकही नको. पण मी रचलेली माणसं सगळी एका साच्यातली होतात, वय तीस, उंची मध्यम, खूण काही नाही. तुम्ही मला साठ हरवलेले आणि साठ सापडलेले रचून द्याल का? त्यात पाच जोड्या जुळणाऱ्या ठेवा, पण सहज लक्षात येणार नाहीत अशा. नावं नकोत, वर्णन पुरे.

मामा, मला सध्या जेवण जात नाही. माझ्या हातून कुणाला तसा मेसेज गेला तर, हे एकच डोक्यात फिरत असतं.

तुमची ठकू


११ ऑगस्ट

चि. ठकू,

आशीर्वाद. एकशेवीस माणसं सोबत पाठवतोय. बारा ताव झाले. पोस्टातल्या माणसाने पाकीट हातात तोलून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

पहिले दोन दिवस एक माणूस सुचेल तर शपथ. जन्मभर समोरच्याने सांगितलं तेवढंच लिहिलं, पदरचं अक्षर घातलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र हात चालायला लागला आणि मग थांबेना. कसं जमलं ते विचारू नकोस. जुळणाऱ्या पाच जोड्यांचे आकडे शेवटच्या तावाच्या मागे आहेत. ते आधी बघू नकोस, तुझं यंत्र काय म्हणतं ते बघ.

एक कानमंत्र देतो. उंचीवर विसंबू नकोस. घरचे लोक मायेने दोन बोटं वाढवून सांगतात आणि इस्पितळवाले आडव्या माणसाला अंदाजाने मोजतात. दात बघ, जुन्या जखमा बघ, कपड्यांची शिवण बघ. शिवण कुणी वाढवून सांगत नाही.

आणि एक विनंती. मावशीपुढे या ॲपचं फार बोलू नकोस. तुझे काका घरातून गेले त्याला एकोणीस वर्षं झाली, ती माझ्याकडे आली त्यालाही तेवढीच. अजून ती शिवणयंत्र दाराकडे तोंड करून ठेवते. मला जिन्यावरची पावलं ऐकू येत नाहीत, पण यंत्राची थरथर फरशीतून माझ्या पायांना कळते. ती एकदम थांबली की मी समजतो, कुणीतरी वर येतंय. ते माणूस पुढच्या मजल्यावर गेलं की थरथर पुन्हा सुरू होते. इतकी वर्षं अशी वाट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी वाट बघणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. तिला नव्याने आशा लागायला नको.

जेवत जा. रिकाम्या पोटी हिशोब चुकतात.

तुझा मामा


२१ ऑगस्ट

ती. मामा,

तुमची माणसं पोचली. तीन दिवस बसून सगळी आत घातली. काय माणसं रचलीत हो. एकाच्या कानात अत्तराचा बोळा, एकीच्या दोन्ही चपला डाव्या पायाच्या. टाइप करताना मी मध्येच थांबून विचार करत होते की हिचं पुढे काय झालं असेल.

परवा सगळ्यात भीतीचं काम केलं. डेटाबेस मुद्दाम पुसून टाकला आणि आदल्या दिवशीच्या प्रतीवरून परत आणला. हे करून बघितल्याशिवाय प्रतीचा काही भरवसा नसतो. परत यायला एकवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ पडद्यावर एक गोल फिरत होता आणि मी हात मांडीखाली दाबून बसले होते. एकशेवीसच्या एकशेवीस आले.

पण आता खरी भीती पुढे आहे. जुळवणी चालवली तर तुमच्या पाचही जोड्या बरोबर निघाल्या, आणि शिवाय एक सहावी निघाली. हरवलेल्यांतला एकतीस आणि सापडलेल्यांतला चव्वेचाळीस. एकतीस म्हणजे वय बेचाळीस, उंच, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, पुढचा एक दात अर्धा, करडा शर्ट, खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलेला, चौदा मार्चला घरातून गेला, शोधणारी पत्नी. चव्वेचाळीस म्हणजे अंदाजे पंचेचाळीस, मध्यम उंची, डाव्या हाताला जुना व्रण, दात तुटलेला, करडा शर्ट, खिशाला हिरवी शिवण, दुसऱ्या गावच्या बसथांब्यावर कोसळला, सतरा मार्चला इस्पितळात मृत्यू. तुमच्या यादीत ही जोडी नाही. मामा, ही चूक तुमच्या लिहिण्यातली की माझ्या जुळवणीतली? माझी असेल तर मी परक्या माणसाचं मरण कुणाच्याही दारात नेऊन ठेवीन. लवकर कळवा.

पाच सप्टेंबरला शेवटची मोठी तपासणी. तेव्हा मेसेज खरोखर पाठवून बघायचे. पूर्ण वर्णनासकट, म्हणजे काही गळत नाही ना ते कळेल. त्यासाठी खरे फोन हवेत, म्हणून सगळ्या शोधणाऱ्यांच्या जागी आळीपाळीने माझा, मॅडमचा आणि मावशीचा नंबर घातलाय. रागावू नका, मी काही बोलले नव्हते, तिनेच फोनवर खोदून खोदून विचारलं. हरवलेला माणूस जिवंत सापडला तर त्यालाही घरच्यांचा पत्ता कळवता का, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, दोघांनाही कळवतो. मग म्हणाली, माझा नंबर घाल. मला गलबलून आलं. काका मला नीट आठवतही नाहीत. ते आले की मावशी रेडिओ बंद करायची, तेवढंच आठवतं.

तुमची ठकू


२५ ऑगस्ट

चि. ठकू,

चूक माझी. लिहिता लिहिता एकच वर्णन दोनदा उतरलं. वयोमान. तुझ्या जुळवणीत काही दोष नाही, निर्धास्त राहा. ती जोडी खोडून टाक, दोन्ही ओळी, आजच्या आज. त्यावर कुणाशी बोलायचीही गरज नाही.

आणि मावशीचा नंबर काढ. तिचे डोळे हल्ली दुखतात, तिला फोनमध्ये बघायचा त्रास नको.

मामा


२८ ऑगस्ट

ती. मामा,

पत्र फारच तोडकं आलं. तब्येत बरी आहे ना?

ती जोडी खोडायला गेले तर डेटाबेसनेच नाही म्हटलं. नियम मीच घातलाय, प्रत्येक हरवलेल्याची ओळ त्याला शोधणाऱ्याच्या ओळीला बांधलेली असते. शोधणारं माणूस आहे तोवर हरवलेल्याला काढता येत नाही. पत्नीची ओळ आधी काढली असती तर झालं असतं, म्हणून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अजिबात नाही. ज्या ओळीने आपण गोंधळलो तीच तपासणीत सगळ्यात कामाची. शेवटपर्यंत राहू दे.

मावशीचा नंबर काढते म्हटलं तर ती चक्क चिडली. डोळ्यांना धाड भरलेली नाही म्हणाली, सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला ओवते. मेसेजात काय काय लिहितात ते मला बघू दे, असा हट्टच धरला. प्रत्येक मेसेज किती वाजता आला ते ती कागदावर टिपून मला वाचून दाखवणार आहे. तिला असं काही करताना मी कधी पाहिलेलं नाही, मग मी नाही म्हटलं नाही. पाच तारखेला सकाळी अकरा वाजता मेसेज सुटतील.

तुम्ही म्हणालात तेव्हापासून दोन वेळा जेवतेय.

तुमची ठकू


१ सप्टेंबर

ठकू,

हे पत्र तुला पाच तारखेच्या आत मिळालं पाहिजे. समोरच्या औषधवाल्याला त्याच्या दुकानातल्या फोनवरून तुला तीनदा फोन लावायला सांगितला. तू उचलला नाहीस. त्याच्याकडून निरोप तरी काय देणार होतो, 'थांब म्हणावं' एवढंच सांगितलं होतं.

मी तुझ्याशी खोटं बोललो. एकशेवीसपैकी एकही माणूस मी रचलेला नाही. मला येत नाही रचता. दोन दिवस कोऱ्या तावासमोर बसलो आणि मग वह्यांतली माणसं आठवत गेली, तशी उतरवली. वर्षं बदलली, गावं बदलली. मला वाटलं इतक्या जुन्या माणसांना आता कोण ओळखतंय. पाच जोड्या मी स्वतः जुळवलेल्याच दिल्या, त्यांच्या घरच्यांना केव्हाच कळलंय. आधीच्या पोराची नोकरी कशाने गेली ते तू लिहिलं होतंस, तरी मी हेच केलं. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली तर मी काय तोंड दाखवू.

पण भीती त्याची नाही. एकतीस म्हणजे तुझे काका.

ते गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या मावशीच्या वतीने अर्ज मीच भरला, वर्णनही तिला विचारून मीच लिहिलं. चार महिन्यांनी दुसऱ्या गावच्या कार्यालयातून अनोळखींच्या नकला आल्या. मी सवयीने वाचत होतो. हिरव्या शिवणीपाशी आलो आणि बोटं थिजली. घरून निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी संपला होता माणूस. तिकडच्यांनीच सगळं उरकलं होतं.

त्या संध्याकाळी तिला सांगायचं ठरवून घरी आलो. ती दारातच उभी होती. 'सापडले?' एवढंच विचारलं. ओठ इतके कोरडे की शब्द धड फुटेना. ठकू, त्या चेहऱ्याला मी 'हो, मेले' असं सांगू शकलो नाही. मान हलवून नाही म्हटलं. तिने डोळे मिटले, खाली बसली, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी मनात म्हटलं, ही आशेवर जगतेय, ती मोडली तर हीही मोडेल. म्हणून त्या दोन ओळी मी कधी बांधल्या नाहीत. नोकरीत एवढी एकच जोडी मी सुटी ठेवली. आज सांगू, उद्या सांगू करता एकोणीस वर्षं गेली.

तुझ्या तावांवर ती जोडी का लिहिली, मला माहीत नाही. एका दिवशी तो हरवलेला लिहिला, चार दिवसांनी सापडलेला. कुठेतरी एकदा दोन्ही लिहून व्हावं असं वाटलं असेल. हे पत्रही लिहून दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, आता टाकतोय.

एकतिसावा मेसेज तिच्या फोनवर जाऊ देऊ नकोस. ती वाचेल तर शिवण पहिली ओळखेल. त्या खिशाला टाके तिनेच घातलेत.

मामा


६ सप्टेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र काल दुपारी तीन वाजता मिळालं. मेसेज अकरा वाजताच गेले होते. औषधवाल्यांचे कॉल दिसले होते मला, अनोळखी नंबर म्हणून उचलले नाहीत.

तीन फोन, सहा जोड्या, प्रत्येकाला दोन मेसेज. मावशीच्या वाट्याला आलेल्यांतला दुसरा एकतिसावा. काल बारा वाजता तिने ठरल्याप्रमाणे मला फोन केला. 'एकच आला, अकरा वाजून चार मिनिटांनी,' म्हणाली आणि तो वाचून दाखवला, अत्तराच्या बोळ्याचा. आवाज नेहमीसारखा. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, म्हणून मी दुसरा का पोचला नाही ते शोधत बसले. तो पोचला होता, मामा. अकरा सातला पोचला आणि अकरा आठला उघडला गेला. तशी नोंद माझ्यासमोर होती.

म्हणजे तिने वाचलाय आणि ती मला नाही म्हणाली. काल संध्याकाळपासून मी तिला चार वेळा फोन लावला. उचलते, बरी आहे म्हणते, गिऱ्हाईक आलंय म्हणते आणि ठेवते. विचारायची माझी हिंमत होत नाही. न विचारता तिला एकटं सोडायचीही होत नाही.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी कागदावरची यादी आणि डेटाबेस दोन्ही त्यांच्यासमोर नष्ट करायला लावलं, प्रतींसकट. माझं काय करायचं ते मंगळवारी ठरेल. ते होईल ते होवो. तुम्ही तिच्याजवळ राहा. तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि लगेच लिहा, दोन ओळी का होईना.

ठकू


१० सप्टेंबर

चि. ठकू,

माझी अवस्था विचारू नकोस. ती काही बोलत नाही आणि मी विचारत नाही. ती नेहमी माझ्यासाठी कागदावर लिहून बोलते. चार दिवसांत त्या कागदावर 'चहा', 'साखर संपली' आणि 'बिल भरलं का' यापलीकडे काही नाही. ती कागद ओढून घेते तेव्हा दर वेळी वाटतं, आता लिहील, आता लिहील. आणि ती साखर लिहिते.

रडली असती तर मला समजलं असतं. ती रडत नाही. परवा गिऱ्हाइकाचं माप घेताना हसली, खांदे हलेपर्यंत. सोमवारी शिवणयंत्र उचलून खिडकीपाशी नेलं, दाराकडे पाठ करून. मी ते जागेवर आणायला गेलो तर माझा हात धरून बाजूला केला. ज्या वाटेकडे एकोणीस वर्षं डोळे लावले तिकडे पाठ फिरवली म्हणजे तिच्यात आता काही उरलं नाही, असं मला वाटतं. मी अशी एक बाई पाहिली होती कार्यालयात. कळल्यावर शांत झाली, सगळ्यांचे आभार मानून गेली, आणि पुढच्या आठवड्यात तिचीच नोंद आमच्याकडे आली.

काल तर हद्द झाली. दुपारी डोळा लागला होता, जाग आली तर घराचं दार सताड उघडं आणि ती नाही. दार उघडं टाकून ती आजवर कधी गेलेली नाही, दोन कड्या लावल्याशिवाय ती पाणी तापवायलाही आत जात नाही. चपला न घालता जिना उतरलो. पूल बघितला, विहिरीसारखा तो कारखान्यामागचा खड्डा बघितला. औषधवाल्याला विचारलं, गोळ्या नेल्या का. तीन तासांनी ती स्वतःच आली, हातात भाजलेल्या दाण्यांचा पुडा. माझ्या पायांकडे बघून तिने पाणी आणून दिलं.

मी कात्र्या लपवल्यात, तिन्ही. तिच्या कामाच्या आहेत, पण काय करू. माझ्या एका खोटेपणाने माझी बहीण मला गमवायची वेळ आलीय. तू येऊ शकलीस तर ये.

मामा


१२ सप्टेंबर

ठकूबाई,

तुझी नोकरी राहिली हे ऐकून बरं वाटलं. फोनवर सगळं बोलता आलं नसतं, तू मध्येच रडली असतीस आणि मग मला तुलाच समजावत बसावं लागलं असतं. म्हणून लिहितेय. दादाला यातलं काही कळवू नकोस, निदान रविवारपर्यंत.

तो मेसेज मला आला. बाही लावत होते. हिरव्या शिवणीपर्यंत वाचलं आणि बाही उलटी बसली. ज्या दिवशी तो खिसा फाटला त्या दिवशी माझी दोन बोटं सुजलेली होती, दोरा ओवता येत नव्हता. यंत्रात आधीच ओवलेला हिरवा होता, त्यानेच शिवला. खिसा कसा फाटला तर माझ्या हातात आला म्हणून. माझ्या हातात का आला तर मी स्वतःला वाचवत होते म्हणून. एवढ्यावरून समजून घे, जास्त लिहीत नाही. रोज मारत नव्हता. रोज असतं तर कधी पडणार आहे ते तरी कळलं असतं.

वाचताना लक्षात आलं का, मी 'मारत नव्हता' लिहिलंय. एकोणीस वर्षं मी मनातल्या मनातही 'ते' म्हणत आले. 'तो' म्हणायची सवय लागली आणि परत आल्यावर चुकून तोंडातून निघालं तर, या भीतीने.

जाताना दारात उभा राहून म्हणाला होता, आलो की बघतो तुझ्याकडे. कधी येणार ते सांगितलं नाही.

दादाने मला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी अर्ज भरून आला, माझी सही घेतली आणि म्हणाला, काळजी करू नकोस, पाताळातून शोधून काढीन. दादा बोलतो ते करतो हे मला लहानपणापासून माहीत. मी सही केली. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर दादा वही मिटून स्वतःच त्याला शोधायला निघाला असता. मग रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन दादा दारातच सांगायचा, आज नाही सापडले. ते ऐकलं की मला भूक लागायची.

चार महिन्यांनी एक दिवस दादा पांढराफटक चेहरा घेऊन आला. मी विचारलं, सापडले? तो नाही म्हणाला. त्या दिवशी मी पोटभर जेवले, कारण आणखी एक दिवस मिळाला होता. पण दुसऱ्या दिवसापासून दादाने सांगणं बंद केलं. मी काय समजले असेन, सांग. मी समजले, हे सापडलेत, जिवंत आहेत, दादाला काहीतरी सांगून त्याची समजूत घातलीय, आता माझी परत पाठवणी ठरतेय. आज नाहीतर उद्या जिन्यावर पाऊल वाजणार. तेव्हापासून मी दाराकडे पाठ केली नाही. तुझ्या ॲपमध्ये नंबर घातला तोही एवढ्याचसाठी. जिवंत असेल तर त्याला पत्ता कळायच्या आधी मला कळावं, म्हणजे तास-दोन तास मिळतील कुठेतरी निघून जायला. पिशवी भरून ठेवली होती.

तुझी ती माणसं दादाने रचलीत यावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. त्याला दुधवाल्याला साधी सबब सांगता येत नाही, तो एकशेवीस माणसं कुठून रचणार. मेसेज वाचला तेव्हा कळलं की त्याला ठाऊक होतं, आणि कधीपासून तेही कळलं. वर्ष त्याने बदललंय. तारखा बदलायला हात धजला नसेल. चौदा मार्चला घरातून गेला, सतरा मार्चला संपला. तीन दिवस, ठकू. त्यानंतर या जगात असा कुणी माणूसच नव्हता, आणि मी दोन कड्या लावून बसले होते.

बुधवारी मी दार उघडं टाकून बाहेर पडले. बागेत गेले, फाटकाकडे पाठ करून बाकावर बसले आणि दाणे खाल्ले. मागून माणसं येत-जात होती. एकदाही वळून बघितलं नाही. दादा तेवढ्यात गावभर पूल आणि खड्डे धुंडाळत होता, ते मला औषधवाल्याने नंतर सांगितलं. माझ्या कात्र्या त्याने तांदळाच्या डब्यात घातल्यात. दोन गिऱ्हाइकांचं काम अडलंय. मी दुसरी कात्री विकत आणली आणि त्याच्यासमोर चालवत नाही, इतकंच.

त्याच्यासारखा जीव लावणारा भाऊ कुणाला मिळायचा नाही. म्हणूनच राग इतका आलाय की त्याच्यासमोर कागद घेऊन बसले की मी साखर लिहिते. त्याने माझ्यासाठी आशा राखून ठेवली असणार. एकदा त्याने मला विचारायचं होतं, तुला कशाची आशा आहे म्हणून. पण मीही सांगितलं नव्हतं, तेही खरं.

रविवारी त्याला जेवायला घालणार, मग समोर बसवणार आणि हेच सगळं कागदावर लिहून त्याच्या हातात देणार. तो रडेल, मग मीही रडेन. तोवर तो माझ्या वाटेवर डोळे ठेवून, माझ्या प्रत्येक पावलाला दचकत या घरात फिरतोय. जेवतो की नाही ते मी बघते. फिरू दे त्याला तसंच, आता एकच दिवस उरलाय.

तुझी मावशी